तगर ते कुसैर : तांबड्या समुद्राकाठी तेरच्या खुणा

इजिप्तच्या पूर्व किनाऱ्यावर, तांबड्या समुद्राकाठी, कुसैर नावाचे एक लहानसे बंदर आहे. हुर्घदा या गजबजलेल्या पर्यटनस्थळापासून दक्षिणेला सुमारे १४० कि.मी.वर असलेल्या या गावाची आजची ओळख निळे नितळ पाणी, प्रवाळाचे खडक आणि स्कूबा डायव्हिंगसाठी येणारे युरोपीय पाहुणे अशी आहे. इजिप्तला जाणारा मराठी पर्यटक सहसा कैरो, पिरॅमिड, लक्सर आणि नाईलमधील नौकाविहार आटोपून परततो. कुसैर त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. वास्तविक मराठवाड्यातील माणसाने तरी हे गाव मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या व्यापारी वाटेचे एक टोक या किनाऱ्यावर होते, तिचे दुसरे टोक धाराशिव जिल्ह्यात, ढोकीच्या शेजारी, तेर येथे होते.

कुसैरचे जुने बंदर नुसते पाहून फारसे काही हाती लागत नाही. तेथे खाऱ्या मातीचे पठार, खापऱ्यांचा खच आणि वाऱ्याने भरून आलेले खड्डे एवढेच दिसते. मात्र तेर आधी पाहिले असेल तर त्या खापऱ्या बोलू लागतात. म्हणून ही सहल ढोकीपासून सुरू करणे श्रेयस्कर.

ढोकीशेजारचे तगर

तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे ढोकी हे धाराशिव तालुक्यातील गाव. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी एके काळी या भागातून कुर्डुवाडी आणि लातूरच्या दरम्यान धावत असे; २००७-०८मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला. ढोकीहून तेर अगदी जवळ आहे. मांजरेला मिळणाऱ्या तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते संत गोरा कुंभार यांच्या समाधीमुळे. जिल्ह्यातील आणि जिल्ह्याबाहेरील वारकरी येथे येतात, समाधीचे दर्शन घेतात आणि परततात. देवळाभोवतीचे गाव ज्या उंचवट्यांवर उभे आहे, ते उंचवटे म्हणजे सातवाहनकालीन नगराचे अवशेष आहेत, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातील बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव मात्र कोणालाही माहीत नाही. बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे खडे येत. तगराहून साधे कापड, निरनिराळ्या प्रकारची मलमल आणि आसपासच्या प्रदेशातून तेथे गोळा होणारा इतर माल येई. हा सारा माल वाट नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेला जाई. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही तगराचा उल्लेख आहे.

हे तगर नेमके कोठे होते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी दौलताबाद सुचवले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नरकडे बोट दाखवले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा कल बीड जिल्ह्यातील धारूरकडे होता. १९०१मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असा निर्वाळा दिला. त्यांचा आधार भाषेचा होता. प्राकृतात शब्दाच्या मधला ‘ग’ गळतो. तगरचे तअर, तयर आणि पुढे तेर होणे ओघानेच आले. पैठणपासून तेर नेमके पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, ही अडचण उरतेच. पण सांगोवांगीच्या माहितीवर दिशा लिहिणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याकडून याहून काटेकोरपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. फ्लीट यांच्या पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली आणि गावातील विटांच्या देवळांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

तगराचा लौकिक नगर ओसरल्यावरही टिकला. कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. समुद्रकिनाऱ्यावर राज्य करणाऱ्या राजांना आपले मूळ तेरणेकाठी सांगावेसे वाटावे, यातच या गावाचे वजन दिसते.

त्रिविक्रम मंदिर आणि एका गावकऱ्याचा संग्रह

तेरमध्ये सर्वप्रथम पाहावे ते त्रिविक्रमाचे मंदिर. मागील बाजूने अर्धगोलाकार, वर गाडीच्या टपासारखे कमानदार छत आणि दर्शनी भागावर चैत्यगवाक्षाची कमान असलेली ही वास्तू संपूर्ण विटांची आहे. कार्ले, भाजे येथील चैत्यगृहे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा आकार चटकन ओळखता येईल. फरक एवढाच, की ती डोंगरात कोरलेली आहेत आणि हे जमिनीवर बांधलेले आहे. अशा बांधीव वास्तू भारतात फारच थोड्या उरल्या आहेत; आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर ही त्यांपैकी आणखी एक. पुढचा मंडप नंतरचा आहे. ही वास्तू मूळची बौद्ध चैत्य असावी, असे जुने अभ्यासक मानत; ती पहिल्यापासून हिंदू देवालयच असावी, असेही मत पुढे आले आहे. आत पाय उंचावलेल्या त्रिविक्रमाची मूर्ती आहे. देऊळ वापरातले असल्याने पर्यटकांनी पूजेच्या वेळा सांभाळाव्यात.

उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही आणखी दोन जुनी विटांची देवळे गावात आहेत. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी द्वारचौकट संग्रहालयात हलवण्यात आली आहे. लाकूड आपल्या हवेत इतकी शतके टिकणे हीच मोठी गोष्ट. ही चौकट पाहिल्याशिवाय तेर सोडू नये. जैन परंपरेतही या गावाला मान आहे. कनकामराच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि धाराशिवची लेणी यांची कथा येते.

तेरचा खरा ठेवा मात्र संग्रहालयात आहे. तो तेथे आला त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. आपल्याकडे जुन्या गावठाणाच्या मातीला ‘पांढरी’ म्हणतात. शतकानुशतकांची राख, शेण आणि पडलेल्या घरांची माती यांमुळे ती कसदार असते. शेतकरी गाड्या भरभरून ती शेतात नेतात. महाराष्ट्रातील कितीतरी प्राचीन वस्त्या अशा रीतीने पिकांच्या पोटात गेल्या. तेरमध्येही पाऊस झाला, माती उकरली, पाया खणला, की मणी, नाणी, मातीची चित्रे वर येत. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्या रहिवाशाने आयुष्यभर या वस्तू जमवल्या. मुले आणि शेतमजूर जे आणून देतील ते त्यांनी जपून ठेवले. हा हजारो वस्तूंचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेर येथे उभे राहिले.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८मध्ये इटलीतील पाँपेई येथे मिळाली आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वीच इटलीत पोहोचली होती, हे निश्चित. तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी ती यक्षी असण्याचा संभव अधिक. जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही याच घडणीची मूर्ती उत्खननात मिळाली आहे. पाँपेईची मूर्ती दख्खनच्या कारागिरांनी घडवली असावी, या तर्काला तेर आणि भोकरदन येथील पुराव्याने बळ मिळते.

याखेरीज पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत काढून जोडलेल्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, काचेचे आणि खड्यांचे मणी, सातवाहनांची नाणी पाहण्यासारखी आहेत. रोमन सम्राटांच्या नाण्यांवरून उठवलेली आणि गळ्यात अडकवण्यासाठी वर कडी ठेवलेली मातीची पदके विशेष मौजेची. सोन्याचे नाणे परवडत नसलेल्याने मातीचे घातले, असा त्याचा सरळ अर्थ घेता येईल. परदेशी चलनाची हौस नवीन नाही.

संग्रहाची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. वस्तू जमिनीच्या कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली, याची नोंद अशा संग्रहात नसते आणि ती नोंद एकदा गेली की कोणत्याही शास्त्राने परत मिळवता येत नाही. ही उणीव काही अंशी उत्खननांनी भरून काढली. बा. ना. चापेकर यांनी १९५८मध्ये तेर येथे खणले. त्याचा अहवाल १९६९मध्ये प्रसिद्ध झाला. नंतरही वेळोवेळी उत्खनने झाली. परंतु नगराचा बराच भाग आजच्या घरांच्या खाली आहे आणि नांदत्या गावात खड्डे घेण्याला मर्यादा असतात. राहिलेल्या पांढरीचे काय होते, यावरच तगराचा उरलेला इतिहास अवलंबून आहे.

भडोचपासून तांबड्या समुद्रापर्यंत

तगराचे कापड भडोचला पोहोचल्यावर ते जहाजांत भरले जाई. इजिप्तची जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडत आणि हिवाळ्यात वारे उलटले की परतत. आपल्याकडे ज्या पावसाची शेतकरी वाट पाहतो, त्याच वाऱ्यावर हा व्यापार चालत होता. इजिप्तच्या किनाऱ्यावर त्यांची दोन मुख्य बंदरे होती : उत्तरेला मिओस होर्मोस आणि दक्षिणेला बेरेनिके. ‘पेरिप्लस’ची सुरुवातच या दोन नावांनी होते. भूगोलकार स्ट्रॅबो इसवी सनपूर्व २५च्या आसपास इजिप्तमध्ये होता. मिओस होर्मोसहून १२० जहाजे हिंदुस्थानकडे जातात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

मिओस होर्मोस कोठे होते, हा प्रश्न तगरासारखाच रेंगाळला. बरीच वर्षे ते हुर्घदाच्या उत्तरेला शोधले जात होते. कुसैरच्या उत्तरेस सुमारे ८ कि.मी.वर ‘कुसैर अल कदीम’ म्हणजे जुने कुसैर नावाची ओसाड जागा आहे. शिकागो विद्यापीठाच्या डोनाल्ड व्हिटकम आणि जॅनेट जॉन्सन यांनी १९७८ ते १९८२ या काळात ती खणली, तेव्हा तेथे दुसरेच एक लहान बंदर असावे, असा समज होता. पुढे १९९०च्या दशकात वाळवंटातील एका रोमन ठाण्यात मिळालेल्या, खापरांवर शाईने लिहिलेल्या पत्रांतून जुने कुसैर हेच मिओस होर्मोस असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर १९९९ ते २००३ या काळात साउदम्प्टन विद्यापीठाने तेथे पुन्हा उत्खनन केले.

जुन्या कुसैरमध्ये काय पाहावे

हमरस्त्याच्या कडेलाच ही जागा आहे. किनाऱ्यापासून आत गेलेली सखल, मिठाने पांढरी पडलेली जमीन म्हणजे पूर्वीची खाडी. ती गाळाने भरत गेली आणि तिसऱ्या शतकाच्या सुमारास बंदर ओस पडले. खाडीच्या काठावर धक्का बांधताना रोमन काळातील लोकांनी रिकाम्या मद्यकुंभांचा भराव घातला होता, असे उत्खननात दिसून आले. दगड आणण्यापेक्षा फुटके कुंभ स्वस्त पडले असावेत.

येथे मिळालेल्या वस्तूंत मिरी, तांदूळ, नारळ आहेत. सागवानी लाकूड आहे. कापडाच्या चिंध्या मात्र सर्वांत बोलक्या. इजिप्तमध्ये सूत एका दिशेने पीळ देऊन कातत, हिंदुस्थानात उलट दिशेने. त्यामुळे हातभर चिंधीवरूनही ती कोणत्या मुलखातील हे सांगता येते. जहाजाच्या शिडाचा हिंदुस्थानी सुती कापडाचा तुकडा येथे मिळाला आहे. तो तगराच्या मागावर विणलेला होता, असे म्हणण्याला आधार नाही; पण ज्या कापडाचे ‘पेरिप्लस’मध्ये नुसते नाव येते, ते कापड कसे होते याची कल्पना अशा तुकड्यांवरूनच येते. तेरच्या जमिनीत कापड टिकत नाही. आपल्या मालाचा नमुना आपल्याकडे उरला नाही, तो आफ्रिकेच्या कोरड्या वाळूने सांभाळला.

माणसांच्याही खुणा आहेत. शिकागोच्या उत्खननात ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत लिहिलेले एक खापर मिळाले. त्यावर हालक, विण्हुदत आणि नाकद या तिघांची नावे असून तेल, मांस आणि मद्य यांची नोंद आहे. रिचर्ड सॉलोमन यांनी १९९१मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले. विण्हुदत म्हणजे विष्णुदत्त. नाशिक आणि कार्ले येथील लेण्यांतील शिलालेखही प्राकृतातच आहेत, म्हणजे हे तिघे दख्खनचे असण्याचा बराच संभव आहे. तमिळ-ब्राह्मीतील कणन, चातन अशी नावे कोरलेली खापरेही तेथे निघाली. परमुलखात किराणा भरून ठेवणाऱ्या या माणसांची एवढीच आठवण उरली आहे, आणि ती पुरेशी जिवंत आहे.

तेराव्या शतकापासून दोनेक शतके हे बंदर पुन्हा नांदले. त्या थरांत हिंदुस्थानी ठशांचे छापील सुती कापड, सुपारी, वेलदोडा आणि हळद मिळाली आहे. आज खाडीच्या समोर आलिशान हॉटेल उभे आहे. तेरला पांढरीवर घरे उठली, येथे किनाऱ्यावर सुट्टीचे महाल उठले. जागेवर फलक, वाटाड्या वा सावली यांची अपेक्षा ठेवू नये. खापऱ्या उचलून नेणे हा गुन्हा आहे, हे निराळे सांगायला नको.

किल्ला आणि आजचे गाव

आजचे कुसैर दक्षिणेला आहे. निळ्या-पिवळ्या रंगांची जुनी घरे, लहान धक्का आणि कोळ्यांच्या होड्या असलेले हे गाव पायी तासा-दोन तासांत पाहून होते. मक्केच्या यात्रेला जाणारे आफ्रिकी यात्रेकरू शतकानुशतके येथून जहाजात बसत. यात्रेकरूंच्या आणि धान्याच्या रक्षणासाठी ऑटोमन तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला गावाच्या मध्यभागी आहे. डागडुजी झालेला हा किल्ला लहान पण नेटका आहे. जंजिरा वा सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना तो फार तर गढीएवढा वाटेल.

नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत फ्रेंचांनी हा किल्ला घेतला आणि १७९९मध्ये इंग्रजी जहाजांनी त्यावर तोफा डागल्या. १८०१मध्ये जनरल डेव्हिड बेअर्ड यांची फौज हिंदुस्थानातून येऊन कुसैरला उतरली. तीत मुंबई इलाख्यातील देशी पायदळाचे शिपाईही होते. ऐन उन्हाळ्यात वाळवंट तुडवून ही फौज नाईलकाठच्या केना गावी पोहोचली. समोरच्या देंदेरा येथील देवळात शिपायांनी आपलेच देव समजून नमस्कार केला, अशी हकीकत युरोपीय प्रवाशांच्या पुस्तकांत पुन्हापुन्हा येते. ती जशीच्या तशी खरी मानण्याचे कारण नाही, परंतु नाईलकाठी आलेल्या त्या तुकड्यांत महाराष्ट्रातील माणसे असणार, एवढे नक्की.

विसाव्या शतकात एका इटालियन कंपनीने येथे फॉस्फेटच्या खाणी चालवल्या. त्यांच्या गंजलेल्या सांगाड्यांना आता फारसे कोणी विचारत नाही. केनाकडे जाणारा वादी हम्मामातचा रस्ता मात्र चुकवू नये. फेरोंच्या काळापासूनचे शिलालेख, रोमनांच्या टेहळणीच्या चौक्या आणि कोरड्या विहिरी या वाटेवर दिसतात. बंदरात उतरलेला माल याच वाटेने उंटांवरून नाईलला जाई. स्ट्रॅबोच्या मते सहा-सात दिवस लागत.

सवड असल्यास दक्षिणेकडील बेरेनिकेची चौकशी करावी. ही जागा दूर आणि आडवळणी आहे आणि तेथे जाण्यासाठी परवानगी लागू शकते. सेरापिसच्या देवळात पुरलेल्या हिंदुस्थानी रांजणात तेथे साडेसात किलो काळी मिरी मिळाली होती. एप्रिल २०२३मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने आणखी मोठी बातमी दिली. पोलिश-अमेरिकन पथकाला बेरेनिके येथे ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती, एक संस्कृत शिलालेख आणि दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाणी सापडली. मूर्तीचा गवगवा झाला, नाण्यांकडे दुर्लक्ष झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ती नाणीच अधिक मोलाची. कारण तेरच्या संग्रहालयात जी मांडून ठेवली आहेत, ती त्याच राजवंशाची.

कुसैरला जाण्यासाठी ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. हुर्घदा आणि मर्सा आलम येथे विमानतळ आहेत. लक्सर पाहून झाल्यावर केनामार्गे मोटारीनेही जाता येते. तेरसाठी पावसाळा संपल्यानंतरचे महिने सोयीचे. ढोकी किंवा धाराशिवहून रस्त्याने सहज जाता येते. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास गोरोबाकाकांची यात्रा भरते. यात्रा पाहायची असेल तर ते दिवस साधावेत आणि संग्रहालय निवांतपणे पाहायचे असेल तर तेच दिवस टाळावेत.